सहाशे प्रती

ओकुमू वांगा सहाशे प्रती सांगायला यायचा
तेव्हा पैसे वर्तमानपत्रात गुंडाळलेले असायचे
आणि वर्तमानपत्राला वाळल्या ओमेना मासळीचा वास.
किसुमूहून रात्रभर बस. नैरोबीत उतरून
तोंडही न धुता थेट आमच्या गेटवर.

रेकॉर्ड दाबून देणारा कारखाना त्याच्या माहितीत एकच,
आणि तो कंपनीचा.
कंपनीचे गायक वेगळे, व्हॅन वेगळ्या,
रेडिओवर ओळखीचा माणूस वेगळा.
म्हणजे बघा, शेजाऱ्याशी भाकरीची चढाओढ लावायची
आणि पीठ त्याच्याच गिरणीतून दळून आणायचं.
गिरणीवाला नाही म्हणत नाही कधी.
तो फक्त म्हणतो, ठेवून जा.

मी मुस्योका. दोन नंबरची प्रेस, दिवसपाळी.
खाली लेबल, मध्ये काळा मऊ गोळा, वर लेबल,
वाफ, दाब, गार पाणी. सव्वीस सेकंद.
माझ्या तळहातांना गाण्यांतला फरक कळत नसे;
गोळा सारखाच चटका द्यायचा,
कंपनीच्या लाल लेबलाचा काय
नि ओकुमूच्या हिरव्याचा काय.
फरक वरच्या मजल्यावर होता, प्रिडोसाहेबाच्या वहीत.

त्या वर्षी ओबुराने एक गाणं गायलं:
नवरदेवाने सासऱ्याला सायकल दिली,
घंटी आहे, कॅरियर आहे,
चेन नाही.
चार दिवसांत सहाशे संपल्या.
बसचे कंडक्टर तिकिटं फाडताना तीच शीळ घालत.
ओकुमू परत आला. या वेळी पाच हजार,
या वेळी तोंड धुऊन, कोट घालून.
साहेबाने वही उघडली, पानं उलटली, फारच सावकाश.
जानेवारी, म्हणाला.
ऑक्टोबर चालू होता.
माणसं नाताळला गावी जाताना गाणी घेतात,
जानेवारीत शाळेची फी भरतात,
हे साहेबाला ओकुमूपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नोव्हेंबरात कंपनीच्या गायकाने
सायकलचंच गाणं म्हटलं.
चेनसकट.

ते मीच दाबलं. वीस हजार.
ओव्हरटाइम मिळाला, थोरलीचा गणवेश झाला,
आणि त्या आठवड्यात आम्ही बोकडाचं मटण खाल्लं.
लपवून काय करू.

ओकुमूच्या पाच हजार ठरल्या तारखेला तयार होत्या.
वेळेच्या बाबतीत कंपनी फार चोख.
फेब्रुवारीत दुकानदारांनी त्या परत केल्या,
आणि त्याने त्या आम्हालाच विकल्या, वजनावर.
मधलं लेबल ठोकून काढायचं, बाकीचं चक्कीत.
काळा चुरा. तो नव्या मालात मिसळतो,
गोळा पुन्हा मऊ होतो, पुन्हा चटका देतो.

पुढे कंपनी दुसरीने घेतली, दुसरीला तिसरीने.
गेटवरची पाटी रंगवणारा तेवढा तोच राहिला.
निवृत्त झाल्यावर एकदा मी किसुमूला गेलो.
ओकुमू नव्हता. भाऊ होता, होडीला डांबर लावत.
म्हणाला, लहानपणी या सरोवरातल्या माशांची
नावं घेता घेता किनारा यायचा.
आता जाळ्यात तीन जाती.
मासे कमी झालेत असं नाही,
वजन उलट जास्तच भरतं.
फक्त तीन.
मग त्याने मला चहा दिला, दुधाचा, खूप गोड,
आणि ओकुमूच्या खोकल्याविषयी बोलत राहिला.

कंपनीची ती सायकल माझ्याकडे आहे.
मार्चात पुन्हा काढलेल्या दहा हजारांतली.
दुसऱ्या कडव्यात एका जागी टक् होतं,
पुढच्या फेरीला पुन्हा टक्.
भिंग धरून पाहिलंय मी:
काळ्यात रुतलेला कागदाचा कण,
तिळाहून बारीक,
हिरवा.

नातू म्हणतो, टाकून द्या ना, खराब आहे.
खराब नाही रे, म्हटलं.
तिथे चेन पडते.